बँजोचा टोन येतो कुठून

'पश्तो' या रचनेला 2024 च्या फेब्रुवारीत ग्रॅमी मिळालं तेव्हा आपल्याकडे कौतुक झालं ते तबल्यावरचे झाकीरभाई आणि बासरीवरचे राकेश चौरसिया यांचं, व्हायलाच हवं होतं, पण ग्वाल्हेरात सरोद ऐकत वाढलेला कान त्यात आधी अमेरिकन वादक बेला फ्लेकच्या बँजोवर जाऊन अडकतो. एकेक सूर सुटा, टणक, तरी बोचत नाही. हातात 1937 चा गिब्सन कंपनीचा बँजो, मॉडेल स्टाइल 75. टोन बोटांचा की वाद्याचा यावर भांडणारे भांडोत, माझं मत बोटांच्या बाजूने, पण त्या वाद्यामागची हकीकतही काही कमी नाही.

(गणपतीच्या मिरवणुकीत बटणं दाबून वाजवतात तो बँजो वेगळा, तो जपानी ताइशोगोतोच्या घराण्यातला. त्याचं इथे काम नाही.)

फ्लेकच्या हातातला बँजो मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. सेनेगल-गांबियाकडे जोला लोकांचं अकोंटिंग आजही वाजतं, भोपळ्यावर बकरीचं कातडं, काठीचा दांडा आणि तीन तारा, त्यातली एक आखूड. जहाजांत कोंबून नेलेल्या गुलामांनी कॅरिबियन बेटांवर आणि मग अमेरिकेत मिळेल त्या भोपळ्यावर कातडं ताणून अशीच वाद्यं पुन्हा घडवली. आखूड तार अंगठ्याने छेडायची, मधूनमधून तोच एक वरचा सूर, म्हणजे काम आपल्या सरोद-सतारीवरच्या चिकारीचंच (सुरात भर घालणाऱ्या बाजूच्या उंच तारा) की! ही तार व्हर्जिनियाच्या जोएल स्वीनी या गोऱ्या वादकाने शोधली असं बरीच वर्षं छापलं गेलं, ते खोटं आहे, कारण 18 व्या शतकाच्या शेवटच्या एका चित्रात गुलामाच्या हातातल्या बँजोला ती स्पष्ट दिसते. स्वीनी काळ्या वादकांकडून शिकला आणि 1830 नंतर त्याने तो स्टेजवर नेला, पुढे गोरे लोक तोंडाला काळं फासून काळ्यांची टर उडवत हेच वाद्य वाजवायला लागले, तो सगळा लाजिरवाणा प्रकार.

पण टोनच्या दृष्टीने खरा फरक 1840 च्या दशकात पडला. बाल्टिमोरच्या विल्यम बाउचरने लाकडी कड्यावर कातडं स्क्रूने ताणायची सोय असलेले बँजो बनवून विकले. कातडं पावसाळ्यात ढिलं पडतं हे सरोदवाल्यांना सांगायला नको, इथे निदान स्क्रू पिळून ते पुन्हा ताणता यायला लागलं. मग 1920 च्या दशकात गिब्सनच्या मास्टरटोन मॉडेलांत कातड्याखाली धातूची जड रिंग आली, तिने आवाज लांब टिकायला लागला आणि त्याला घंटेसारखी धार आली. बँजोवादक अर्ल स्क्रग्स 1945 च्या डिसेंबरात बिल मन्रोच्या ब्लूग्रास (अमेरिकन लोकसंगीताचा एक प्रकार) बँडमध्ये आला आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट अशा तीन बोटांच्या सलग धारेने त्याने बँजोचं रूपच पालटलं. त्याचाही गिब्सनच, ग्रॅनाडा मॉडेल. 1950 नंतर कातड्याच्या जागी प्लास्टिक आलं आणि पावसाची कटकट संपली. जुने रसिक अजून कातड्यासाठी हळहळतात.

फ्लेक न्यूयॉर्कचा, स्क्रग्स ऐकूनच बँजोकडे वळला, पण 1996 मध्ये मोहनवीणावादक विश्वमोहन भट्टांबरोबर 'तबुला रासा' हा अल्बम केला तेव्हाच कळत होतं की हा नुसती तीन बोटांची धार सोडून मोकळा होणारा नाही. बँजोचा सूर सरोदसारखा मागे रेंगाळत नाही, छेडला की लगेच विरायला लागतो, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घ्यायला जागाच कमी. फ्लेक ती जागा लयीने भरतो. घोडीजवळ (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीजवळ) छेडलं की आवाज कडक आणि दांड्याकडे सरकलं की गोल होतो. 'पश्तो' हेडफोन लावून ऐका, उजवा हात केव्हा सरकला असेल याचा अंदाज घ्यायलाही मजा येते.