भोंगा वाजतो तेव्हा गावात कोण असतं?

आगीची वर्दी आली की अग्निशमन केंद्रातून बंब मिनिटाभरात बाहेर पडतो, असं आपण धरून चालतो. पण जगातल्या हजारो केंद्रांत वर्दी येते तेव्हा आत कुणीच नसतं. बंब उभा असतो, पाण्याचे पाइप गुंडाळून ठेवलेले असतात, खुंट्यांवर कोट आणि हेल्मेट टांगलेली असतात. माणसं मात्र आपापल्या कामाला गेलेली असतात. कुणी सुतारकाम करत असतो, कुणी वर्गात शिकवत असते, कुणी गोठ्यात असतो. भोंगा वाजला किंवा खिशातला पेजर थरथरला की हातातलं काम टाकून ही मंडळी केंद्राकडे धावतात, कपडे चढवतात आणि पुरेशी माणसं जमली की बंब निघतो. या कामाचा त्यांना पगार मिळत नाही.

ही तात्पुरती किंवा गरिबीतली सोय आहे, असं समजू नका. चिलीमधल्या वाल्पाराईसो या बंदरात 1850 साली मोठी आग लागली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या नागरिकांनी स्वयंसेवी अग्निशमन दल उभं केलं. आजही चिलीत आग विझवायला जाणारे जवान बिनपगारी स्वयंसेवक असतात, राजधानीतलेसुद्धा. जर्मनीत मोठ्या शहरांतली शंभरेक पगारी दलं सोडली, तर बाकी देशाची मदार 20 हजारांहून अधिक स्वयंसेवी दलांवर आणि त्यांतल्या सुमारे 10 लाख माणसांवर आहे. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर बुडत्यांना वाचवायला जाणाऱ्या संस्थेच्या जीवरक्षक नौका 1824 पासून मुख्यतः स्वयंसेवकच चालवत आले आहेत.

अशा सेवेबद्दल बोलताना आपण बहुधा त्यागाचं कौतुक करून थांबतो. कौतुक खरंच आहे, पण त्याच्या मागे एक मोठी गोष्ट झाकली जाते. स्वयंसेवी दल गावापासून वेगळं काढता येत नाही. गावात कोण राहतं, कुठे कामाला जातं, कोण कुणाला ओळखतं, या सगळ्याचा परिणाम थेट बंब निघायच्या वेळेवर होतो. आणि उलट, दल असल्याचा परिणाम गावाच्या घडणीवर होतो.

आधी वेळेचं बघू, कारण इथे निसर्ग कुणासाठी थांबत नाही. बंद खोलीत आग लागली की गरम वायू छताखाली साचत जातात. त्यांची उष्णता खालच्या सामानावर पडत राहते आणि एका क्षणी खोलीतल्या जवळजवळ सगळ्याच वस्तू एकदम पेट घेतात. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर त्या खोलीतला माणूस वाचत नाही. अमेरिकेत सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या एका प्रयोगशाळेने दोन बैठकीच्या खोल्या शेजारी शेजारी मांडून पेटवल्या. एकीत जुन्या पद्धतीचं लाकडी, सुती सामान होतं, दुसरीत आजचे फोमचे सोफे आणि कृत्रिम धाग्यांचे पडदे. जुन्या खोलीत फ्लॅशओव्हर व्हायला 29 मिनिटांहून जास्त वेळ लागला. नव्या खोलीत 4 मिनिटंसुद्धा लागली नाहीत. म्हणजे एकेकाळी भोंगा ऐकून शेतातून धावत येणाऱ्या माणसाला जी सवड मिळायची, ती आपल्या घरातल्या सामानाने संपवून टाकली आहे.

हृदय अचानक बंद पडलेल्या माणसाचं गणितही असंच निष्ठुर असतं. छातीवर दाब देणं सुरू झालं नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटत जाते.

मदत पोचायच्या वेळेचे ढोबळ तीन तुकडे पडतात: वर्दी मिळणं, माणसं जमणं आणि प्रवास. पगारी केंद्रात माणसं तिथेच झोपतात, त्यामुळे मधला तुकडा नगण्य असतो. स्वयंसेवी दलात मधला तुकडाच सगळ्यात मोठा ठरू शकतो, आणि तो दलप्रमुखाच्या हातात नसतो. गावातलं एखादं कारखान्याचं युनिट बंद पडलं, लोक पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या शहरात नोकरीला जाऊ लागले, की रात्री पूर्वीइतकीच माणसं जमतात. सकाळी अकराला मात्र बंब आहे, चालवायला कुणी नाही, अशी पाळी येते. यादीत नावं तीस, हजर तिघं. कागदावर दल भक्कम दिसतं. मला वाटतं, एखाद्या गावाची खरी तब्येत बघायची असेल तर तिथल्या दलाची सकाळी अकराची हजेरी बघावी. जनगणनेत जे दहा वर्षांनी दिसेल, ते इथे आज दिसतं.

जपानमध्ये हा बदल आकड्यांत वाचता येतो. तिथे गावोगाव ‘शोबोदान’ नावाची नागरिकांची अग्निशमन पथकं आहेत. 1950 च्या दशकात त्यांत 20 लाखांहून अधिक सदस्य होते. 2022 मध्ये ही संख्या 8 लाखांच्या खाली गेली. पण मला त्याहून बोलका वाटतो तो दुसरा आकडा. 1965 साली या सदस्यांपैकी नोकरदार होते साधारण चौथा हिस्सा. बाकीचे शेतकरी, मच्छीमार, दुकानदार, म्हणजे दिवसभर गावातच असणारे. आज सत्तर टक्क्यांहून अधिक सदस्य नोकरी करतात. त्यांची इच्छा कमी झालेली नाही, त्यांचा दिवस त्यांचा राहिलेला नाही. अमेरिकेतही 1984 साली सुमारे 8 लाख 98 हजार स्वयंसेवी जवान होते, ते 2020 पर्यंत 6 लाख 77 हजारांवर आले. याच काळात देशाची लोकसंख्या कितीतरी वाढली आणि वर्द्यांची संख्या तिपटीहून जास्त झाली. त्या वर्द्यांतल्या बहुसंख्य आता आगीच्या नसतातच, त्या वैद्यकीय मदतीच्या असतात.

मग सरळ पगारी माणसं नेमावीत, असं कुणी म्हणेल. दाट वस्तीच्या शहरात ते बरोबरच आहे. पण विरळ वस्तीच्या भागात महिन्यातून दोन वर्द्या येणाऱ्या केंद्रावर तीन पाळ्यांत माणसं बसवणं परवडत नाही. शिवाय पगारी दलाला जे विकत घेता येत नाही असं काहीतरी स्वयंसेवकांकडे असतं. त्याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा 17 जानेवारी 1995 च्या पहाटे मिळाला.

त्या दिवशी पहाटे 5 वाजून 46 मिनिटांनी जपानमधल्या कोबे शहराच्या परिसरात भूकंप झाला. 6,434 माणसं दगावली. ढिगाऱ्याखाली अडकून ज्यांना दुसऱ्यांनी बाहेर काढावं लागलं, असे सुमारे 35 हजार लोक होते, असा अंदाज आहे. त्यांतल्या साधारण 27 हजारांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काढलं. अग्निशमन दल, पोलीस आणि सैन्य यांनी मिळून काढले ते सुमारे 8 हजार. हे सरकारी दलांचं अपयश म्हणता येणार नाही, एवढ्या ठिकाणी एकाच वेळी पोचणं कुणालाच शक्य नव्हतं. केंद्रबिंदूजवळच्या आवाजी बेटावरचं होकुदान हे गाव मात्र वेगळं ठरलं. तिथे सुमारे 300 माणसं ढिगाऱ्याखाली होती आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत शोध पूर्णही झाला. गावच्या पथकातल्या लोकांना ठाऊक होतं की या घरातली आजी कुठल्या खोलीत, कुठल्या बाजूला झोपते. कुठे खणायचं हे शोधण्यात वेळ गेला नाही.

हे ज्ञान कुठल्याही नकाशात नसतं. ते सणासमारंभातून, बसण्याउठण्यातून, वर्षानुवर्षांच्या सरावातून साचत जातं. स्वयंसेवी दलाचं केंद्र ही बहुतेक ठिकाणी गावाची बैठकच असते: वर्गणी गोळा करणं, मुलांना शिकवणं, पूर आला तर वाळूची पोती भरणं. जर्मनीत मुलांसाठीही अग्निशमन पथकं असतात, पुढे दलात येणारे अनेक जण तिथेच घडतात. आणीबाणीसाठी विणलेलं हे जाळं इतर दिवशीही कामाला येतं. कुणाच्या घरी म्हातारी एकटी आहे, हे दलातल्या माणसाला माहीत असतं.

पण हीच ओळख माणसाला आतून पोखरूही शकते. मोठ्या शहरातला जवान अपघातस्थळी जातो तेव्हा समोरचा बहुधा अनोळखी असतो. लहान गावात गाडीत अडकलेला मुलगा शेजारच्याचा असतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आईशी दुकानाच्या रांगेत गाठ पडते.

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर माउझल नावाचं लहानसं गाव आहे. 19 डिसेंबर 1981 च्या रात्री ‘युनियन स्टार’ हे जहाज इंजिन बंद पडून वादळात खडकांकडे ढकललं जात होतं. त्यावर 8 माणसं होती. गावाजवळच्या पेनली केंद्राची जीवरक्षक नौका निघाली, तिच्यावरही 8 जण होते, सगळे स्वयंसेवक. निघताना तांडेल ट्रेव्हेल्यन रिचर्ड्स यांनी नील ब्रॉकमन या तरुणाला नौकेवर घेतलं नाही, कारण त्याचे वडील आधीच चढले होते; अशा रात्री एका घरातून एकच, असं त्यांचं म्हणणं होतं. लाकडी नौका पुन्हा पुन्हा जहाजाला भिडली. चौघांना घेतल्याचा निरोप रेडिओवर आला आणि मग आवाज थांबला. दोन्हीकडची मिळून 16 माणसं गेली. एका गावाने एका रात्रीत आपली आठ माणसं गमावली. त्यानंतर एका दिवसाच्या आत नव्या नौकेसाठी पुरतील इतके लोक पुढे आले. ब्रॉकमन पुढे स्वतः पेनलीच्या जीवरक्षक नौकेचे तांडेल झाले.

ही घटना वाचताना माझा गळा दरवेळी दाटून येतो. पण त्या तांडेलाच्या निर्णयात नुसतं धैर्य नाही, जोखमीची अचूक जाण आहे. स्वयंसेवी सेवेत जोखीम विखुरलेली नसते. ती मोजक्या घरांवर एकवटते. 11 मार्च 2011 च्या त्सुनामीत जपानच्या या नागरी पथकांतले 254 सदस्य मृत किंवा बेपत्ता झाले. त्यांतले कितीतरी जण समुद्राकडचे दरवाजे बंद करायला, नाहीतर लोकांना बाहेर काढायला गेले होते. ज्यांना आपण वाचवत आहोत ते नातलग आणि शेजारी असले, की पाय मागे घेणं फार अवघड होतं. त्यानंतर अनेक ठिकाणी ठरावीक वेळेनंतर काम अर्धवट टाकून माघार घ्यायची, असे नियम केले गेले आणि दूरून बंद होणारे दरवाजे बसवले गेले. परत फिरण्याचा निर्णय स्वयंसेवकाच्या मनावर सोडायचा नाही, तो आधीच करून ठेवायचा, हा त्यातला शहाणपणा मला फार मोलाचा वाटतो.

खर्चाकडे वळू. ‘फुकट’ सेवा फुकट नसते, तिचं बिल वेगळ्या दारात जातं. कामावरून निघून गेलेल्या माणसाचा तास त्याचा मालक भरतो. जेवणाच्या ताटावरून उठलेल्या आईची किंवा बापाची जागा घरचं दुसरं कुणी भरून काढतं. तासावर मजुरी असलेल्याला वर्दी म्हणजे त्या दिवशीच्या कमाईत घट. त्यामुळे वेळेची चैन परवडणारे दलात टिकतात आणि दलाचा चेहरा गावासारखा राहत नाही. जर्मनीच्या दलांत आजही स्त्रिया साधारण एक दशांशच आहेत. शिवाय लहान जागी तीच दहा माणसं सगळीकडे असतात. शाळेच्या समितीवर, पंचायतीत, रुग्णवाहिकेवर आणि बंबावरही. कागदावर चार संस्था, प्रत्यक्षात एकच पथक. मोठ्या संकटात चौघांचाही भोंगा एकदम वाजतो.

आणखी एक परिणाम असा की तक्रार करता येत नाही. पगारी सेवा उशिरा आली तर नागरिक जाब विचारतो. रात्री दोनला स्वतःची झोप मोडून आलेल्या शेजाऱ्याला ‘उशीर का झाला’ असं कोण विचारणार? हे न विचारणं सभ्यपणाचंच आहे, पण त्यामुळे माणसं कमी पडत आहेत ही गोष्ट अंदाजपत्रक करणाऱ्यांपर्यंत पोचतच नाही.

मग स्वयंसेवकांना पैसे द्यावेत का? हा प्रश्न वाटतो त्याहून नाजूक आहे. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे आठवतो. इस्रायलच्या हैफा शहरातल्या काही पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी जवळपास दुप्पट झाला आणि दंड काढल्यावरही तसाच राहिला. जे आधी कर्तव्य होतं, त्याला भाव मिळाला. बिनपगारी कामाला थोडेसे पैसे लावले तर तसंच काही होईल, ही भीती निराधार नाही. पण पगार देणं आणि बुडालेली कमाई भरून देणं यांत फरक आहे, तो मी महत्त्वाचा मानतो. 2019-20 च्या ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांत लोक आठवडेच्या आठवडे आघाडीवर होते. तेव्हा डिसेंबर 2019 मध्ये तिथल्या सरकारने न्यू साउथ वेल्सच्या स्वयंसेवकांना कमाई बुडाल्यास दिवसाला 300 डॉलर, जास्तीत जास्त 6,000 डॉलर अशी भरपाई जाहीर केली. जर्मनीत तर कायद्यानेच मालकाला माणूस सोडावा लागतो आणि त्या वेळेचा पगार मालकाला नगरपालिकेकडून परत मिळतो. इथे सेवेला भाव लावलेला नाही. बिल योग्य दारात पाठवलं आहे.

फोनमुळेही थोडी वाट उघडली आहे. स्टॉकहोममध्ये छातीदाबाचं प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य नागरिकांना जवळच कुणाचं हृदय बंद पडलं की मोबाइलवर निरोप द्यायचा, असा प्रयोग झाला. 2015 साली त्याचे निष्कर्ष आले: निरोप गेलेल्या घटनांपैकी 62 टक्के घटनांत रुग्णवाहिकेच्या आधी कुणीतरी छातीदाब सुरू केला होता, निरोप न गेलेल्यांत 48 टक्के. जीव वाचण्याच्या प्रमाणातला फरक मात्र त्या अभ्यासात सिद्ध होण्याइतका मोठा नव्हता. तरी यातला विचार मला पटतो. इथे केंद्राकडे धावायचं नाही, जिथे आहात तिथूनच निघायचं. मधला तुकडाच गळून पडतो.

जपानने 2005 पासून दुसराच धागा पकडला. सगळी कामं सगळ्यांनी करायची ही अट काढून ठरावीक कामापुरते सदस्य घ्यायला सुरुवात केली. निवृत्त झालेले जुने जवान फक्त दिवसाच्या वर्दीला येतात. कॉलेजातली मुलं मोठ्या आपत्तीत निवारा केंद्रांवर काम करतात. टपाल वाटणारे लोक, ज्यांना प्रत्येक गल्ली पाठ असते, तेही काही ठिकाणी यात आहेत. शिडीवर चढायला त्यांना कुणी सांगत नाही. सकाळी अकराला ते गावात असतात.