त्रुहियो राजवटीची पार्श्वभूमी : पलटण, मीठ आणि तीन ओळखपत्रं

डोमिनिकन रिपब्लिकवर राफाएल त्रुहियोने १९३० ते १९६१ अशी ३१ वर्षं हुकूमत गाजवली. तिचं मूळ अमेरिकेच्या लष्करी ताब्यात (१९१६-२४) आहे. तोवर तिथे गावोगावच्या बंडखोर म्होरक्यांकडे बंदुका असत आणि कोणतंही सरकार फार टिकत नसे. अमेरिकी मरीननी लोकांची शस्त्रं काढून घेतली, रस्ते बांधले आणि नवं सशस्त्र दल उभारलं. जाताना देशात संघटित ताकद उरली ती या एकाच दलाची. ते ज्याच्या हाती, त्याच्या हाती देश.

१८९१ मध्ये सान क्रिस्तोबालला जन्मलेला त्रुहियो आधी तारयंत्र चालवायचा, मग उसाच्या मळ्यावर पहारेकरी होता. १९१९ मध्ये तो या दलात सेकंड लेफ्टनंट झाला आणि १९२५ पर्यंत दलाचा प्रमुख. फेब्रुवारी १९३० मध्ये अध्यक्ष वास्केझ यांच्याविरुद्ध उठाव झाला, तेव्हा त्याने सैन्य बराकीतून हलवलंच नाही. बंड यशस्वी व्हायला तेवढं पुरलं. मे महिन्यातल्या निवडणुकीत दहशतीमुळे विरोधकांनी माघार घेतली आणि १६ ऑगस्टला तो अध्यक्ष झाला. ३ सप्टेंबरच्या चक्रीवादळाने राजधानी सान्तो दोमिंगो उद्ध्वस्त केली, हजारो मेले, आणि त्याला आणीबाणीचे अधिकार मिळाले. १९३६ मध्ये शहराचं नावच ‘सियुदाद त्रुहियो’ झालं.

पुढे खुर्चीवर कधी स्वतः, कधी बटीक अध्यक्ष, कधी भाऊ एक्तोर. खरी पकड पैशाची होती. सुरुवात मिठापासून झाली : किनाऱ्यावरची मिठागरं कायद्याने बंद करून बाराओना भागातल्या खाणींच्या मिठाची मक्तेदारी त्याने स्वतःकडे घेतली. मग मांस, तांदूळ, तंबाखू, सिमेंट, विमा, आणि १९५० च्या दशकात बहुतेक साखर कारखाने. सरकारी नोकरांच्या पगारातून १० टक्के रक्कम त्याच्या पक्षासाठी कापली जाई. ओळखपत्र, पक्षाचं कार्ड आणि लष्करी सेवेचा दाखला यांना लोक ‘तीन ठोके’ म्हणत. रस्त्यात पोलिसाने अडवल्यावर एक जरी नसलं तरी अटक. परकीय कर्ज त्याने १९४७ मध्ये फेडलं, हे खरंच. त्याचे समर्थक अजून तेच पुढे करतात. ऑक्टोबर १९३७ मध्ये शेजारच्या हैतीच्या सरहद्दीवर सैन्याने हजारो हैतियन लोकांची केलेली कत्तल मात्र वगळतात. ती बहुतांशी कोयत्यांनी झाली, म्हणजे शेतकऱ्यांनीच केली असं भासवता यावं. हैतीला ७,५०,००० डॉलर भरपाई ठरली, प्रत्यक्षात त्याहून कमी दिली.

जून १९६० मध्ये व्हेनेझुएलाचे अध्यक्ष बेतांकुर यांच्यावर त्याने कराकसमध्ये बाँबहल्ला घडवला, आणि ऑगस्टमध्ये अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेने निर्बंध लादले. २५ नोव्हेंबरला विरोधातल्या तीन मिराबाल बहिणींचा खून झाला, तेव्हा मध्यमवर्गही उलटला.

३० मे १९६१ च्या रात्री सान क्रिस्तोबालच्या रस्त्यावर त्याची शेव्हरोले गाठून त्याला गोळ्या घातल्या. मारेकऱ्यांत त्याच्याच लष्करी शरीररक्षकांपैकी एक अधिकारी होता. पण कटाचा दुसरा टप्पा फसला. सत्ता ताब्यात घेणार होते ते सेनापती रोमान, आणि त्यांची अट होती की आधी प्रेत दाखवा. प्रेत गाडीच्या डिकीत घालून आणलं, तर रोमान भेटलेच नाहीत. मुलगा राम्फिस पॅरिसहून परतला आणि बहुतेक कटवाले मारले गेले, रोमानही. नोव्हेंबरमध्ये कुटुंबाने देश सोडला. जप्ती आली तेव्हा बहुतेक साखर उद्योग आपोआप सरकारी झाला, कारण तो एकाच घराच्या मालकीचा होता.