चिंताशामक औषधांची प्राणिवर्तन चाचणी

चिंता आणि धास्ती कमी करणाऱ्या औषधांचा परिणाम प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या, मुख्यतः पांढऱ्या उंदरांच्या, वागणुकीवरून मोजण्याची औषधशास्त्रातील पद्धत. माणूस ‘जिवाला घोर लागलाय’ असे सांगू शकतो, उंदीर सांगू शकत नाही. म्हणून तो कुठे जातो, किती वेळ थांबतो आणि कुठून मागे फिरतो, हे घड्याळ लावून नोंदतात. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, नांदेड येथील औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांची या विषयाशी पहिली गाठ बी. फार्म.च्या प्रात्यक्षिकात पडते.

या चाचणीचे मूळ उंदराच्या एका जुन्या सवयीत आहे. जुन्या वाड्यातल्या बळदापाशी किंवा ज्वारीच्या कणगीजवळ उंदीर पाहिलेल्या माणसाला ती ठाऊक असते : उंदीर भिंतीच्या कडेकडेने पळतो, उघड्या अंगणातून सरळ जात नाही. उघड्यावर घार-मांजराची भीती असते. पण नवी जागा हुंगून पाहण्याची ओढही त्याला तितकीच असते. भीती आणि कुतूहल यांची ही ओढाताण हाच मोजमापाचा आधार होय. कॅल्विन हॉल यांनी १९३४ मध्ये उंदरांना मोकळ्या गोल रिंगणात सोडून त्यांचे भित्रेपण अभ्यासले. पुढे उजेड-अंधाराची पेटीही आली. आज सर्वाधिक वापर होतो तो उंचावरच्या अधिक-चिन्हाकृती मार्गाचा. प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘प्लस मेझ’च म्हणतात.

प्लस मेझला चार भुजा असतात. समोरासमोरच्या दोन उघड्या, उरलेल्या दोघींना भिंती. मोठ्या उंदरासाठी (रॅट) प्रत्येक भुजा ५० सेंमी. लांब व १० सेंमी. रुंद, भिंती ४० सेंमी. उंच आणि सगळा सांगाडा जमिनीपासून ५० सेंमी. वर, असे माप रूढ आहे. प्लायवूडचा असा मेझ गावातला सुतारही करून देऊ शकतो. उंदराला मधल्या चौकात ठेवून पाच मिनिटे निरीक्षण करतात. औषध न दिलेला उंदीर बहुतेक वेळ भिंतींच्या आडोशाला काढतो. अर्ध्या तासापूर्वी शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे १-२ मिग्रॅ. डायझेपाम हे चिंताशामक औषध पोटात टोचलेला उंदीर उघड्या भुजांवर अधिक वेळा जातो आणि तिथे अधिक रेंगाळतो. लंडनमध्ये सँड्रा फाइल व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मोठ्या उंदरांवर ही चाचणी पडताळली. कॅफिनसारखी धास्ती वाढवणारी द्रव्ये उलट परिणाम दाखवतात, हेही त्यात दिसले. डायझेपाम मेंदूतील गॅबा या शामक रसायनाचे काम वाढवते. त्यामुळे चेतापेशींत क्लोराइड आयन अधिक शिरतात आणि पेशी सहज उद्दीपित होत नाहीत.

खरी अडचण आकडे वाचताना येते. चिंता कमी झालेला उंदीर आणि गुंगी आलेला उंदीर यांत फरक करावा लागतो. म्हणून बंदिस्त भुजांतील फेऱ्याही मोजतात आणि फिरत्या दांड्यावर तोल सांभाळता येतो का, हे वेगळे तपासतात. एखाद्या वनस्पतीचा अर्क तपासताना ही पायरी गाळली, तर निष्कर्षावर विश्वास ठेवता येत नाही. दुसरे असे की तोच उंदीर दुसऱ्यांदा मेझवर ठेवला, तर डायझेपामचा चिंताशामक परिणाम जवळजवळ दिसेनासा होतो. म्हणून एक उंदीर एकदाच. आधीच्या उंदराच्या मुताचा वास राहू नये म्हणून दर वेळी मेझ स्पिरिटने पुसतात. कोणत्या गटाला काय दिले आहे, ते निरीक्षकाला कळू देत नाहीत.

मराठवाड्यात यात उन्हाळ्याची भर पडते. देशातील मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्राणिगृहाचे तापमान १८ ते २९° से. राखायचे असते. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात बाहेर पारा ४० च्या वर असतो. वीज गेली की प्राणिगृह तापते, पंखा-वातानुकूलनाचा आवाज एकाएकी थांबतो, पुन्हा सुरू होतो. अशा दिवशी सगळेच उंदीर बिथरलेले असतात आणि औषध दिलेल्या-न दिलेल्या गटांतला फरक पुसला जातो. वहीत डोसाबरोबर त्या वेळचे तापमान आणि वीज गेल्याची वेळ लिहिलीच पाहिजे, असे प्रस्तुत नोंदलेखकाचे ठाम मत आहे.

या चाचणीला मर्यादाही आहेत. ती डायझेपामच्या कुळातील औषधांना चटकन ओळखते. परंतु बस्पिरोन या वेगळ्या कुळातील चिंताशामक औषधाचे निकाल एकसारखे येत नाहीत. नैराश्यावरील ज्या गोळ्या माणसांतील चिंताविकारावर सर्रास दिल्या जातात, त्यांचा एकच डोस दिला तर मेझवर बहुधा काही दिसत नाही. माणसांतही त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात.

भारतात असे प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली येतात. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय एकही उंदीर वापरता येत नाही. बी. फार्म.च्या वर्गात तर आता संगणकावरील सादृशीकरण आणि चित्रफिती यांवरच काम भागवतात. उंदरांचे जीव वाचतात, हे चांगलेच आहे. मात्र संगणकावर ठिपका भुजांमधून सरकतो तेव्हा एक गोष्ट दिसत नाही : मागचे पाय आडोशाला रोवून, अंग ताणून, नुसते नाक उघड्या भुजेवर काढणारा आणि पुन्हा मागे सरणारा उंदीर. निरीक्षणाच्या तक्त्यात त्या ताणलेल्या पवित्र्यासाठी वेगळा रकाना असतो. तो भरता यावा म्हणून खऱ्या प्रयोगाची चित्रफीत विद्यार्थ्यांना थांबवत-थांबवत दाखवावी लागते.