अँजिओप्लास्टीनंतरची हिरवी कॅप्सूल

काकांच्या अँजिओप्लास्टीला दीड वर्ष झालं होतं, तेव्हा एकदा त्यांचा गोळ्यांचा डबा भरून द्यायला बसलो. सात वारांचे सात कप्पे. प्रत्येकात ई जीवनसत्त्वाची हिरवी कॅप्सूल आणि एक मल्टिव्हिटॅमिन. रात्रीची स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी मात्र कुठेच नव्हती. "ती गरम पडते रे. आणि कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, म्हणून बंद केली. या ताकदीच्या गोळ्या आहेत, यांनी अपाय होत नाही."

असे डबे घरोघरी असतील, म्हणूनच हे लिहावंसं वाटलं. कारण ई जीवनसत्त्व आणि स्टॅटिन, नेमक्या याच दोन गोळ्यांची परीक्षा एकाच वेळी, एकाच रुग्णांवर झालेली आहे.

ब्रिटनमधल्या 'हार्ट प्रोटेक्शन स्टडी'त 20,536 जण होते. बहुतेकांना हृदयाच्या किंवा शरीरातल्या इतर रक्तवाहिन्यांचा विकार किंवा मधुमेह होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडले. निम्म्यांना रोज 600 मिलिग्रॅम ई, 250 मिलिग्रॅम क आणि 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन. उरलेल्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली गोळी. त्याच लोकांमध्ये पुन्हा वेगळ्या चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना 40 मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिन, म्हणजे स्टॅटिन. हे पाच वर्षं चाललं आणि 2002 मध्ये निकाल आले.

जीवनसत्त्वं घेणाऱ्यांच्या रक्तात ई जवळजवळ दुप्पट झालं होतं. म्हणजे गोळ्या नियमित घेतल्या गेल्या आणि अंगीही लागल्या. तरी त्यांच्यातले 14.1 टक्के दगावले, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांतले 13.5 टक्के. हा फरक योगायोगाने पडावा एवढाच; उपयोग शून्य. स्टॅटिनवाल्यांत मृत्यू 14.7 वरून 12.9 टक्क्यांवर आले. झटका, पक्षाघात, बायपास किंवा अँजिओप्लास्टीची वेळ यांतलं काही ना काही 25.2 टक्क्यांऐवजी 19.8 टक्के लोकांवर ओढवलं. काकांनी नेमकी कामाची गोळी काढून टाकली होती.

मग ई जीवनसत्त्वाचा एवढा बोलबाला झाला कसा? एक तर कल्पना पटण्याजोगी होती. रक्तातल्या एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचं ऑक्सिडीकरण झालं की ते रक्तवाहिनीच्या भिंतीत जास्त त्रास देतं. ई जीवनसत्त्व ऑक्सिडीकरण रोखतं. मग झटकाही रोखेल. शिवाय 1993 मध्ये अमेरिकेतल्या 87 हजारांहून अधिक परिचारिकांच्या पाहणीत ई घेणाऱ्यांना हृदयविकार कमी दिसला होता. पण आपणहून जीवनसत्त्वाची बाटली विकत घेणारी माणसं सहसा इतर बाबतींतही तब्येत सांभाळणारी असतात. फिरायला जातात, तंबाखूपासून लांब राहतात. गोळीला मिळालेलं श्रेय बहुधा त्या सवयींचं होतं. चिठ्ठ्या टाकून गट पाडले की ही गल्लत उरत नाही.

होमोसिस्टीनचंही असंच झालं. रक्तातला हा घटक वाढलेल्यांना हृदयविकार जास्त दिसतो, आणि फॉलिक ॲसिड व बी-12 दिलं की तो उतरतो. 2006 मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. त्यातली नॉर्वेतली चाचणी नुकताच झटका येऊन गेलेल्या 3,749 रुग्णांवर होती. रिपोर्टमधला आकडा छान खाली आला. झटके कमी झाले नाहीत.

इथे आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातल्या 441 मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा 67 टक्क्यांमध्ये बी-12 कमी निघालं. शाकाहार हे त्याचं मोठं कारण. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही ते कमी होतं. अशी कमतरता भरून काढलीच पाहिजे, नाहीतर तळपायांना मुंग्या येतात, रक्त कमी होतं. पण ते औषध नसांसाठी आणि रक्तासाठी. त्याने स्टेंट, म्हणजे अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेली जाळी, उघडा राहील या भरवशावर कुणी राहू नये.

"अपाय तर नाही ना" हेही खरं नाही. कॅनडातून चाललेल्या 'होप' चाचणीत हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांना रोज 400 युनिट ई दिलं होतं. सुमारे सात वर्षांनी पाहिलं तर त्यांच्यात हृदय कमजोर पडण्याचं, म्हणजे हार्ट फेल्युअरचं, प्रमाण 13 टक्क्यांनी जास्त निघालं.

कृत्रिम झडप बसवलेल्या आणि रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमरॉल घेणाऱ्यांनी तर फारच जपावं. ही औषधं के जीवनसत्त्वाचं काम अडवूनच रक्त गोठू देत नाहीत. अशा वेळी के असलेलं मल्टिव्हिटॅमिन परस्पर सुरू केलं तर औषधाचा जोर कमी पडतो आणि झडपेवर गुठळी होऊ शकते. पालक-मेथी सोडायची गरज नाही, पण एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असं करू नये. नवी कुठलीही गोळी, अगदी ताकदीचीसुद्धा, डॉक्टरांना दाखवून मगच.

काकांना मी डबा तसाच घेऊन डॉक्टरांकडे नेलं. बी-12 तपासलं, ते कमी होतं. काका बारा वर्षं मेटफॉर्मिनवर आहेत. बी-12ची गोळी सुरू झाली. हिरवी कॅप्सूल आणि मल्टिव्हिटॅमिन बंद. स्टॅटिनने पाय दुखतात ही त्यांची खरी तक्रार होती, ती त्या दिवशी पहिल्यांदा बोलली गेली. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, आणि रात्रीचा कप्पा पुन्हा भरला.