स्टार्टअपची यादी कोणाच्या हातात?

नागपुरातल्या बर्डीच्या कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत एक तक्रार वर्षानुवर्षं येते आहे : "चालू व्हाले लय टाइम घेते, भाऊ." त्यावरचं उत्तरही ठरलेलं : "फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा." मग डेटा काढून ठेवा, विंडोज नव्यानं टाका, प्रिंटर-स्कॅनर पुन्हा जोडा. काही महिन्यांत मशीन होतं तसंच. अशा पुष्कळ मशीनमध्ये विंडोज बिघडलेलं नसतंच. न बोलावता उघडणारे दहा-बारा प्रोग्राम तेवढे मशीन सुरू होतानाच, म्हणजे स्टार्टअपला, चढून बसलेले असतात. त्यांना थांबवायची सोय आज विंडोजमध्येच आहे, पण ती साध्या वापरणाऱ्याच्या हाती यायला फार उशीर झाला.

विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या काळात हा प्रश्न जवळपास नव्हता. मशीन सुरू झालं की ऑटोएक्झेक.बॅट ही साधी मजकुराची फाइल वाचली जाई आणि तिच्यातल्या ओळी वरून खाली पाळल्या जात. नको असलेल्या ओळीच्या आधी 'रेम' लिहिलं की ती ओळ गप्प. मेमरीत ठाण मांडून बसणारे प्रोग्राम तेव्हाही होते. १९८४ सालचं बोरलँडचं साइडकिक त्यातलं गाजलेलं : एक कळ दाबली की चालू कामावरच कॅल्क्युलेटर आणि वही उघडत असे. पण साध्या प्रोग्रामांना मिळून मेमरी ६४० केबीच, त्यामुळे काय चढवायचं हे माणूस मोजूनमापून ठरवी. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये एफ५ दाबून सगळी सुरुवातीची यादी टाळता येऊ लागली आणि एफ८ दाबून एकेका ओळीला हो-नाही म्हणता येऊ लागलं. विंडोज ३.१ मध्ये (१९९२) 'स्टार्टअप' नावाचा गटच होता. त्यात जे चिन्ह ठेवाल ते सुरुवातीला उघडेल, काढाल ते उघडणार नाही. यादी डोळ्यांसमोर होती आणि ती बदलायला कुणाला विचारावं लागत नव्हतं.

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं आणि चित्र पालटलं. स्टार्टअप फोल्डर राहिला, पण मुख्य यादी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, गेली. तिथे 'रन' नावाच्या नोंदी आहेत : एक अख्ख्या मशीनसाठी आणि एक प्रत्येक वापरणाऱ्यासाठी. प्रोग्राम इन्स्टॉल होताना तिथे स्वतःचं नाव लिहून मोकळा होतो. मालकाला ना काही विचारलं जातं, ना कळवलं जातं. माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे. आळशी वापरणारे किंवा स्वस्तातली मशीन ही कारणं नंतरची. यादी लिहायची लेखणी मालकाच्या हातातून सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या हातात गेली आणि ती परत देण्याची व्यवस्था कुणी सोबत ठेवलीच नाही.

मग झुंबड उडाली. ऑफिस ९७ ने स्टार्टअपमध्ये 'फाइंड फास्ट' बसवलं. ते मागच्या मागे फायलींची सूची करत राही आणि मशीन मध्येच अडखळे. रिअलप्लेअर, क्विकटाइम, अॅक्रोबॅट रीडर, याहू मेसेंजर, जो तो सुरुवातीलाच हजर. आपला प्रोग्राम झटकन उघडावा म्हणून प्रत्येक जण आधीच अर्धा चढून बसे आणि त्याची किंमत बाकी सगळ्यांना भरावी लागे. विंडोज एक्सपीची (२००१) किमान गरज ६४ एमबी मेमरीची होती. १२८ एमबीच्या मशीनवर घड्याळाशेजारी चिन्हांची रांग लागली की काय होत असेल, ते एमएस-सीआयटीच्या वर्गात त्या मशीनवर बसलेल्यांना सांगायला नको.

मेमरीइतकाच दोष हार्डडिस्कचा होता. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. शिवाय वाचणारं टोक योग्य जागी सरकायला वेळ जातो तो वेगळाच. वेगवेगळ्या जागी विखुरलेली माहिती अशी डिस्क सेकंदाला साधारण ७५ ते १०० वेळाच उचलू शकते. दहा प्रोग्राम एकदम मागू लागले की ते टोक नुसतं इकडून तिकडे धावत राहतं. बाहेर लाल दिवा लुकलुकतोय आणि माउसचा बाण अडकलाय, हे दृश्य त्यातूनच येई.

नागपुरात यात आणखी एक भर होती. २००५ नंतरची काही वर्षं विदर्भानं भारनियमन सोसलं. यूपीएसची बॅटरी बसलेली असली की वीज गेली तशी मशीन बंद. मग तीच लांबलचक सुरुवात दिवसातून अनेकदा. इंटरनेट कॅफेत ग्राहक तासाच्या हिशेबानं बसलेला असे, आणि त्यातली काही मिनिटं विद्यापीठाचा निकाल किंवा फॉर्म उघडण्याऐवजी मेसेंजर आणि अपडेटर चढण्यात जात. हे नुकसान कुठल्याच हिशेबात लिहिलं गेलं नाही.

या उघड्या दारातून व्हायरसही आले. ४ मे २००० ला पसरलेल्या 'आय लव्ह यू' नं रजिस्ट्रीच्या याच भागात आपल्या नोंदी केल्या. ऑगस्ट २००३ मधल्या ब्लास्टरनं 'रन'मध्ये स्वतःचं नाव 'विंडोज ऑटो अपडेट' असं लिहिलं. यादी उघडून पाहणाऱ्यालाही ती नोंद सोज्वळ वाटावी, हा डाव होता.

दरम्यान विंडोज ९८ सोबत एमएस-कॉन्फिग आलं होतं. हे साधन बिघाड शोधणाऱ्या तंत्रज्ञासाठी होतं, पण खुणेची चौकट रिकामी केली की प्रोग्राम थांबतो हे कळल्यावर घरोघर वापरलं गेलं. अडचण अशी की समोर फायलींची तुटक नावं दिसत. 'क्यूटीटास्क' म्हणजे क्विकटाइम हे कसं कळावं? त्यामुळे काही जण घाबरून काहीच बंद करत नसत, तर काही जण सरसकट सगळं बंद करून अँटिव्हायरसलाही घरी बसवत. शिवाय काढलेली नोंद तो प्रोग्राम पुढच्या वेळी उघडल्यावर गुपचूप पुन्हा लिहून टाके.

खोलात शिरणाऱ्यांसाठी मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांचं ऑटोरन्स होतं. रन नोंदी, सर्व्हिसेस, ठरावीक वेळी चालणारी कामं, ड्रायव्हर, ब्राउझरला चिकटलेले भाग, सगळं एका खिडकीत. त्यांची विंटर्नल्स ही कंपनी, सिसइंटर्नल्स या संकेतस्थळासह, मायक्रोसॉफ्टनं जुलै २००६ मध्ये घेतली. ऑटोरन्स आजही फुकट मिळतं आणि मला ते या विषयातलं सर्वांत प्रामाणिक साधन वाटतं.

खरा दिलासा २०१२ च्या विंडोज ८ नं दिला. चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअपची यादी आली. प्रोग्रामचं पूर्ण नाव, बनवणारी कंपनी आणि सुरुवातीवर पडणारा भार, सगळं तिथेच. भाराचं मापही ठोस आहे : सुरू होताना प्रोसेसरचा १ सेकंदाहून जास्त वेळ किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त देवाणघेवाण केली तर 'हाय'. त्याहून मोठी सुधारणा पडद्यामागची. आता 'रन'मधली नोंद जागेवरच राहते आणि मालकानं तिला थांबवलंय हे वेगळ्या ठिकाणी लिहिलं जातं. त्यामुळे प्रोग्रामनं नोंद पुन्हा लिहिली तरी एरवी नकार टिकून राहतो. एप्रिल २०१८ च्या विंडोज १० अपडेटपासून हीच यादी सेटिंग्जमध्ये, अॅप्सखालीही मिळते.

तरी सरसकट सगळं बंद करणं आजही महागात पडतं, विशेषतः आपल्याकडे. सेतू केंद्रात अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस (यंत्राला आधारशी जोडणारा प्रोग्राम) चालू नसेल तर आधारची पडताळणी अडते आणि माणूस रांगेत उभा राहतो. सीएच्या ऑफिसात डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर थांबवलं तर ऐन रिटर्नच्या वेळी सही होत नाही. लग्नपत्रिका जुळवणाऱ्याकडे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर चढलं नाही तर कीबोर्डवर इंग्रजीच उमटत राहतं. मीटिंगचे अॅप, गेमचे लाँचर, गाण्यांचे प्लेअर, प्रिंटरची शाई विकू पाहणारे मदतनीस : छाटणी इथून सुरू करावी. बंद केलेला प्रोग्राम मशीनवरून जात नाही, हवा तेव्हा उघडता येतो, हे दुकानदारानं गिऱ्हाईकाला सांगितलं तर निम्मी भीती जाईल.

एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, आल्यापासून ती धावपळ संपली, म्हणून काहींना हा प्रश्नच मिटल्यासारखा वाटतो. मेमरी, बॅटरी आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचा डेटा मात्र अजून खर्ची पडतोच. आणि मुळातली गोष्ट सुटलेली नाही. अॅपलनं २०२२ च्या मॅकओएस व्हेंच्युरापासून, मागच्या मागे चालणारं काही नव्यानं बसलं की सूचना द्यायला सुरुवात केली. विंडोजवर साधा डेस्कटॉप प्रोग्राम आजही आधी न विचारता यादीत बसू शकतो. मालकाला फक्त नंतर काढायची मुभा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट संपले, त्यामुळे पुष्कळ घरं आणि ऑफिसं नव्या मशीनकडे वळत आहेत, आणि ही मशीन भरलेली यादी घेऊनच येतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधली ती यादी पहिल्याच दिवशी, विकणाऱ्याच्या समोर उघडून घ्यावी आणि प्रत्येक नाव कशासाठी आहे ते त्यालाच विचारावं.