आत्मछायाचित्रण

जिवंत व्यक्तीच्या छायाचित्रात तिच्या मृत आप्ताची अंधूक आकृती उमटते, या समजुतीवर चाललेला छायाचित्रणाचा प्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका, इंग्लंड व फ्रान्समध्ये त्याचा प्रसार झाला. मृतांच्या आत्म्यांशी संपर्क साधता येतो असे मानणाऱ्या परलोकविद्येच्या चळवळीशी तो निगडित होता. पाहणाऱ्याची श्रद्धा छायाचित्राचा अर्थ कसा ठरवते, याचे उदाहरण म्हणून आज त्याचा अभ्यास होतो.

या प्रकाराचा आरंभ सामान्यतः बॉस्टन येथील विल्यम ममलर (मृत्यू १८८४) याच्यापासून धरतात. दागिन्यांवर नक्षीकाम करणाऱ्या ममलरने हौसेखातर स्वतःचे छायाचित्र घेतले असता शेजारी एका मुलीची आकृती उमटली. ती आपली दिवंगत चुलतबहीण असल्याचे त्याने सांगितले. या घटनेचे वर्ष काही ठिकाणी १८६१, तर काही ठिकाणी १८६२ दिले जाते. वृत्तपत्रीय उल्लेख १८६२ च्या अखेरीपासून मिळत असल्याने दुसरे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. ममलरची पुढे पत्नी झालेली हॅना ही स्वतः माध्यम (मृतात्म्यांशी संपर्क साधून देणारी व्यक्ती) म्हणून वावरत असे. या उद्योगात तिचाच पुढाकार असावा असे काही अभ्यासक मानतात. हे मत अगदीच निराधार नाही, पण त्याला थेट पुरावाही नाही. तांत्रिक अंगाने पाहता मूळ आणखी मागे जाते. दीर्घ उद्भासनाच्या (काचेवर प्रकाश पडू देण्याच्या) मध्येच कॅमेऱ्यासमोरून माणूस बाजूला झाला, तर त्याची पारदर्शक प्रतिमा उमटते, हे स्कॉटिश भौतिकीविज्ञ डेव्हिड ब्रूस्टर याने १८५६ मध्येच नोंदवले होते आणि करमणुकीसाठी तशी ‘भुते’ तयार करण्याची युक्तीही सुचवली होती. लंडनमध्ये अशी चित्रे थोड्याच काळात विक्रीला आली. ती विकत घेणाऱ्यांना त्यांत कोणी आप्त दिसल्याचे आढळत नाही.

त्या काळी ओल्या कलोडियन पद्धतीने, म्हणजे काचेवर ओला संवेदनशील थर देऊन, ऋणचित्र (निगेटिव्ह) घेत. काच महाग असल्याने तीच धुऊन पुन्हा वापरली जाई. धुण्यात कसर राहिली, तर आधीच्या गिऱ्हाइकाची पुसट छटा नव्या चित्रात येई. हेतुपुरस्सर फसवणुकीचे मार्ग याहून सोपे होते : एकाच काचेवर दोनदा उद्भासन करणे, दोन ऋणचित्रे एकावर एक ठेवून छापणे, किंवा आधी तयार केलेले पारदर्शक धनचित्र (पॉझिटिव्ह) कॅमेऱ्यात संवेदनशील काचेपुढे बसवणे. पहिल्या दोन युक्त्या जाणकार छायाचित्रकार सहज ओळखत. तिसरी पकडणे कठीण. तिन्हींत ‘आत्म्या’चा चेहरा धूसरच येतो, आणि धंद्याच्या दृष्टीने हे पथ्यावरच पडणारे होते. अमेरिकेतील यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक दगावले होते. घरोघरी कोणीतरी गेलेले होते.

न्यूयॉर्कमध्ये १८६९ साली ममलरवर फसवणुकीचा आरोप ठेवून प्राथमिक सुनावणी झाली. खेळे-तमाशांचा प्रसिद्ध व्यावसायिक पी. टी. बार्नम याने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. अशी चित्रे युक्तीने करता येतात हे दाखवण्यासाठी एब्रहम बोगार्डस या छायाचित्रकाराने बार्नमच्या मागे लिंकनचे ‘भूत’ उमटवून दिले. उलट, बँकव्यवसायी चार्ल्स लिव्हरमोर याने चित्रातली आकृती आपल्या दिवंगत पत्नीचीच असल्याची साक्ष दिली. फसवणूक झाल्याचे आपले वैयक्तिक मत असूनही पुरावा अपुरा म्हणून न्यायाधीशाने ममलरला सोडले. पुढे साधारणतः १८७२ मध्ये लिंकनच्या विधवेने त्याच्याकडे छायाचित्र काढून घेतले. त्यात तिच्या खांद्यांवर हात ठेवलेली पतीची आकृती दिसते.

अभ्यासकांच्या दृष्टीने सर्वांत बोधक खटला मात्र पॅरिसमधील एदुआर ब्युगे याचा (१८७५). पोलिसांना त्याच्या स्टुडिओत कापड गुंडाळलेल्या बाहुल्या व पुठ्ठ्यावर चिकटवलेले चेहरे सापडले. त्याने गुन्हाही कबूल केला. गिऱ्हाइकाशी गप्पा मारून मृताविषयीची माहिती आधी काढून घेतली जाई. हे सारे न्यायालयात मांडल्यावरही अनेक साक्षीदार हटले नाहीत. एका चित्रविक्रेत्याने मृत पत्नीला आपण ओळखले, आपल्या मुलांनीही ‘आई’ म्हणून ओळखले, असे सांगितले. ब्युगेला एक वर्ष कैद व ५०० फ्रँक दंड झाला. कबुलीजबाबच दबावाखाली दिला गेला, असा खुलासा श्रद्धावंतांनी केला.

या चिकाटीचा अर्थ दोन प्रकारे लावतात. एक मत असे की, ही निव्वळ गिऱ्हाइकांची भोळी समजूत. दुसऱ्या मतानुसार छायाचित्र हे शोकविधीचे साधन होते आणि ओळख पटवण्याचे काम गिऱ्हाईकच करत होता. छायाचित्रकार फक्त पुरेशी अस्पष्ट आकृती पुरवी. ब्युगेच्या साक्षीदारांचे वर्तन दुसऱ्या मताने अधिक नीट उलगडते. अपेक्षेला जुळणारे तेवढेच टिपण्याची मनाची प्रवृत्ती आणि संदिग्ध आकारात चेहरा पाहण्याची सवय, ही आधुनिक मानसशास्त्रातली स्पष्टीकरणेही त्याच दिशेची आहेत.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये या प्रकाराला पुन्हा उठाव आला. क्रू येथील आत्मछायाचित्रकार विल्यम होप याला अशा दाव्यांची तपासणी करणाऱ्या हॅरी प्राइस याने १९२२ मध्ये खुणा केलेल्या काचा देऊन पकडले. परत मिळालेल्या काचेवर ती खूण नव्हती, म्हणजे काच बदललेली होती. तरीही शेरलॉक होम्सच्या कथांचा लेखक आर्थर कॉनन डॉइल होपच्या बाजूने उभा राहिला. कॉटिंग्ले येथील दोन मुलींनी १९१७ पासून घेतलेली पऱ्यांची छायाचित्रेही त्याने खरी मानली होती. पऱ्या कागदाच्या कापलेल्या होत्या, हे त्या दोघींनी १९८३ च्या सुमारास मान्य केले. मात्र पाचपैकी शेवटचे छायाचित्र खरे की बनावट, याबाबत त्यांच्यात एकवाक्यता झाली नाही.

ममलरची काही छायाचित्रे लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात, तर होपच्या छायाचित्रांचा एक संग्रह इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथील राष्ट्रीय विज्ञान व माध्यम संग्रहालयात आहे.