मधल्या वेळचे खाणे (मधुमेहातील)

दोन जेवणांच्या मध्ये, बहुधा सकाळी अकराच्या आणि दुपारी चार-पाचच्या सुमारास, मधुमेही व्यक्तीने खायचे कमी कर्बोदकांचे पदार्थ. साखर, गूळ, पिष्ट (स्टार्च) आणि चोथा (फायबर) हे सगळे कर्बोदकांत मोडतात. त्यांतला चोथा पचत नाही, त्यामुळे तो रक्तातली साखर वाढवत नाही. आहारतज्ज्ञ साधारण १५ ग्रॅम कर्बोदकांचा एक वाटा धरतात. मधले खाणे त्या एका वाट्यात बसले, तर त्याला कमी कर्बोदकांचे म्हणायला हरकत नसते. ही हिशोबाच्या सोयीची रेघ आहे. दिवसभराच्या आहारात १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असली, तर त्याला कमी कर्बोदकांचा आहार म्हणण्याचा वैद्यकात प्रघात आहे. मराठी घरातले रोजचे पोळी-भात-वरण हा आकडा सहज ओलांडते.

हलके आणि भारी

डॉक्टरांनी ‘अधूनमधून हलके काहीतरी खात जा’ म्हटले की घरात चुरमुऱ्यांचा डबा निघतो. मराठीत हलके म्हणजे पोटाला जड न होणारे, कमी तेलाचे, हातात वजन न भासणारे. रक्तातल्या साखरेच्या हिशोबात हे मोजमाप बहुतेक वेळा उलटे पडते. चुरमुरे म्हणजे फुललेला तांदूळ. त्यात हवा भरलेली असते, पण पिष्ट तेवढेच राहते आणि फुलल्यामुळे ते आणखी झटपट पचते. दोन ओंजळी, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम चुरमुऱ्यांत २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. तेवढ्याच वजनाचे भाजलेले शेंगदाणे तळहातावर मावतात. त्यांत कर्बोदके ५ ग्रॅम, त्यांपैकी निम्मा चोथा, आणि वर ७ ग्रॅम प्रथिने. दाणे ‘भारी’ म्हणून टाळायचे आणि चुरमुरे ‘हलके’ म्हणून बकाबका खायचे, हा घोटाळा फार घरांत चालतो.

मखाणे अलीकडे मधुमेहींचा खाऊ म्हणून पाकिटांतून विकले जातात. तळलेल्या वेफर्सपेक्षा ते बरे, एवढे खरे. पण १०० ग्रॅम मखाण्यांत ७५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. वाटीभर खाल्ले तर वजनाने फार भरत नाहीत, म्हणून निभते. अख्खे पाकीट संपवले तर निभत नाही. खाखरा, राजगिऱ्याच्या लाह्या, भाजक्या पोह्यांचा चिवडा यांचीही तीच गत. चहाबरोबरची चार मारी बिस्किटे म्हणजे १७-१८ ग्रॅम कर्बोदके. शिवाय चहात दोन चमचे साखर असेल, तर हिशोब तिथेच संपला.

हलकेपणाचा असाच चकवा माणसांच्या बाबतीतही आढळतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन यूडकिन यांच्यासह २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये दोघांचा एक फोटो आणि दोन आकडे छापले. दोघांचे वजन-उंचीचे गुणोत्तर (बीएमआय) तंतोतंत सारखे, २२.३. शरीरातली चरबी मात्र यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. ‘मी कुठे जाड आहे, मला काय होतंय’ म्हणणाऱ्या सडपातळ भारतीयालाही मधुमेह का गाठतो, याचा एक धागा त्यातून हाती लागतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर मोजली.

काय खावे

दाणे, खोबरे, अंडे, पनीर, ताक, काकडी, पेरू : ही यादी कुठल्याही मराठी बाजारात एका फेरीत पुरी होते, वेगळ्या दुकानात जावे लागत नाही. उकडलेल्या अंड्यात कर्बोदके अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. पनीरच्या पाच-सहा तुकड्यांत दोन-तीन ग्रॅम. बदाम आणि अक्रोड चांगले. काजूत त्यामानाने पिष्ट जास्त. जवसात १०० ग्रॅममागे २९ ग्रॅम कर्बोदके दिसतात, पण त्यांपैकी २७ ग्रॅम निव्वळ चोथा असतो. विदर्भ-मराठवाड्यातली जवसाची आणि कारळ्याची चटणी म्हणूनच कामाची; फक्त तिच्याबरोबर भाकरी किती जाते ते पाहायचे. चटणी काकडीच्या चकत्यांवर किंवा घट्ट दह्यात घालूनही खाता येते.

फुटाणे अधल्यामधल्या जागी बसतात. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाण्यांत १७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके येतात. पण चोथा आणि प्रथिने भरपूर असल्यामुळे साखर सावकाश चढते. ते सालासकट खावेत, पंढरपुरी डाळ्यांसारखे सोललेले नकोत. मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची कोरडी उसळही अर्धी वाटी चालते. ती पावाबरोबर खाल्ली की मिसळ झाली, आणि मिसळीचा हिशोब वेगळा.

एक पदार्थ मात्र जरा सावकाश सांगण्यासारखा आहे, तो म्हणजे खमंग काकडी. काकडी किसायची नाही, विळीवर चोचवायची. किसली की पाणी सुटते आणि सगळे पचपचीत होते. चोचवलेली काकडी हलक्या हाताने पिळायची, त्यात भाजलेल्या दाण्यांचे जाडसर कूट, मूठभर ओले खोबरे, बारीक चिरलेली मिरची, लिंबू घालायचे, वरून तुपात जिरे तडतडवून फोडणी द्यायची. मीठ अगदी खायच्या वेळी. परंपरेने यात चिमूटभर साखर पडते, ती गाळायची. ओल्या खोबऱ्याला स्वतःची गोडी असते, कुणाला चुकल्याचे कळत नाही. वाटीभर काकडीत आठ-दहा ग्रॅम कर्बोदकांच्या आत काम भागते आणि कूट-खोबऱ्यामुळे जेवणापर्यंत भूक लागत नाही.

कोकणात आणि गोव्यात सुक्या मासळीची सोय आहे. सुकट, म्हणजे सुकवलेला जवळा, निवडून कोरड्या तव्यावर कुरकुरीत भाजायचा, त्यात कच्चा कांदा, खोबरे, तिखट आणि कोकमाचे आगळ. कर्बोदके नावापुरती, ती कांदा-खोबऱ्यातली. मीठ मात्र जबर. ज्याला रक्तदाबही आहे त्याने चमचाभरावर थांबावे. ओली मासळी तव्यावर तळताना रवा किंवा तांदळाचे पीठ लावले नाही, तर तीही या यादीत येते.

बेसनाचे आणि मुगाचे धिरडे, कोथिंबीर वडी, अळूवडी यांना लोक बिनधास्त ‘प्रथिनांचे’ म्हणतात. हरभऱ्याच्या पिठात प्रथिने २० टक्क्यांच्या वर असतात हे बरोबर, पण कर्बोदके निम्म्याहून जास्त असतात हेही बरोबर. वाफवलेल्या दोन-तीन वड्या ठीक. अळूवडीतला गूळ विसरू नये.

उपवास हे मधुमेहींचे खरे संकट. साबुदाणा जवळपास शुद्ध पिष्ट आहे, १०० ग्रॅममागे ८८ ग्रॅमच्या आसपास. ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्याच्या खिचडीत तीन वाटे होतात. त्यात बटाटा पडतो. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण साखरेच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरते. वरई आणि राजगिरा साबुदाण्यापेक्षा उजवे, पण शेवटी धान्यासारखेच. उपवासाला चालणाऱ्या वस्तूंतच दाणे, दही, ताक, खोबरे, काकडी आणि लाल भोपळा आहेत. भोपळ्याचे दह्यातले भरीत आणि वर सांगितलेली खमंग काकडी यांवर एकादशी निभावता येते. देवाची हरकत नसते, घरच्यांची असू शकते.

‘शुगर फ्री’ लाडू, बर्फी आणि बिस्किटे यांच्याबद्दल एवढेच, की भारतीय अन्न नियमांत शुगर फ्री याचा अर्थ १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त शर्करा नाही, असा आहे. पिष्टाबद्दल त्या शब्दात अवाक्षर नाही. मैद्याचे बिस्कीट साखरेविना केले तरी मैदा राहतोच. पाकिटाच्या मागच्या बाजूला ‘एकूण कर्बोदके’ ही ओळ वाचावी. पुढच्या बाजूला जे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते ते विकण्यासाठी.

मुळात खावे का

या प्रश्नावर महाराष्ट्रात सरळ दोन तट आहेत. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून जगन्नाथ दीक्षित यांनी रुजवलेली पद्धत दिवसात दोनच जेवणे सांगते, प्रत्येक ५५ मिनिटांत संपवायचे आणि मध्ये काही खायचे नाही. ऋजुता दिवेकर यांच्यासारख्या आहारतज्ज्ञ थोड्या-थोड्या वेळाने खाण्याच्या बाजूने. गप्पांत हा वाद मतांचा म्हणून रंगतो, पण मधुमेहीच्या बाबतीत निकाल बराचसा त्याच्या औषधावर ठरतो.

इन्शुलिन १९२२ साली टोरोंटोत पहिल्यांदा माणसाला टोचले गेले. त्याआधी कर्बोदके तोडणे हाच उपाय होता. ब्रिटिश लष्करी डॉक्टर जॉन रॉलो यांनी १७९७ मध्ये आपल्या मधुमेही रुग्णाला जवळपास मांसावरच ठेवल्याचे लिहिले. अमेरिकेत फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी त्यापुढे जाऊन रुग्णांना अर्धपोटी ठेवले. आपल्याकडे चरकसंहितेने प्रमेहात, म्हणजे मधुमेह ज्यांत मोडतो त्या विकारांत, तांदळाऐवजी यव, म्हणजे जव, हे मुख्य अन्न सांगितले आहे. सातूचे पीठ त्याच घराण्यातले. इन्शुलिन आल्यावर मधल्या खाण्याचे काम पालटले. जुन्या पद्धतीच्या काही इन्शुलिनांचा जोर टोचल्यानंतर काही तासांनी शिगेला पोचे, नेमका जेवणांच्या मध्ये किंवा मध्यरात्री. त्या वेळी साखर खाली घसरू नये म्हणून अकरा वाजता आणि झोपताना काहीतरी खाणे सक्तीचे झाले. नवी इन्शुलिने आणि मेटफॉर्मिनसारखी औषधे यांच्यामुळे ती सक्ती पुष्कळ सैल झाली आहे, पण ‘मधुमेहीने दर दोन तासांनी खाल्लेच पाहिजे’ हा समज त्या काळातून टिकून राहिला. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्याला भूक नसताना दाणे खाण्याचे कारण नाही. दाणे साखर फारशी वाढवत नाहीत, पण वजन वाढवतात : ३० ग्रॅममध्ये १७० कॅलरी. म्हणून डब्यातून न खाता वाटीत काढून घ्यावेत.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिने आणि पोटॅशियम यांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे लागते. तिथे मूठभर बदामही बिनघोर नसतात. डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीची, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधे घेणाऱ्यांनी कर्बोदके एकदम फार तोडू नयेत. अशांच्या रक्तात साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोनचे, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे, आम्ल साठू शकते, आणि ग्लुकोमीटर पाहून काही बिघडले आहे असे वाटत नाही.

ग्लुकोमीटर घरात असल्यास खाण्यापूर्वी आणि खाल्ल्यावर दोन तासांनी बोट टोचून आपला आकडा पाहावा. तेच फुटाणे एकाची साखर २० ने (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) चढवतात, दुसऱ्याची ६० ने, त्यामुळे शेजाऱ्याची यादी आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाही.

कमी कर्बोदकांचे खाणे मुळीच चालत नाही असा एक प्रसंग आहे. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याला घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि साखर ७० च्या खाली निघाली, तर दाणे, पनीर, बदाम यांचा उपयोग नाही; चॉकलेटचाही नाही, कारण स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून लगेच प्यायचे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचे नाही, सरळ दवाखाना गाठायचा. अकार्बोज घेणाऱ्यांसाठी साखरही पुरत नाही, कारण ते औषध साखरेचे विघटनच रोखून धरते. त्यांना ग्लुकोजची पूडच लागते, आणि ती पिशवीत आधीपासून ठेवलेली असावी लागते.